आधी तोल, मग वजन

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केलं आहे, त्यांना फ्लायव्हील म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना बसवलेलं बिडाचं जड चाक. डीकॉम्प्रेशनचा खटका वर करायचा, हँडल गरागरा फिरवून चाकाला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. चाकात साठलेल्या जोरावर पिस्टन हवा दाबतो आणि इंजिन धडधडू लागतं. एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट. उरलेली दीड फेरी इंजिन त्या चाकाच्या जिवावर काढतं. चाक हलकं असतं तर पुढचा स्फोट व्हायच्या आतच ते बंद पडलं असतं.

मोटारीतलं फ्लायव्हील त्याच घराण्यातलं. फरक इतकाच की इथं सिलिंडर तीन किंवा चार, वेग मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंत आणि लहान पेट्रोल गाडीत चाकाचं वजन साधारण पाच ते आठ किलो. जुन्या मारुती ८००, झेन, एस्टीम, जिप्सी विकत घेऊन त्यांची इंजिनं हौसेनं नव्यानं बांधणारे बरेच तरुण मला भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “पिकअप वाढवायचा आहे, फ्लायव्हील किती उतरवू?” माझं उत्तरही ठरलेलं आहे. इंजिन उघडलंच आहे तर आधी सगळ्या फिरत्या भागांचा तोल करून घ्या. तो प्रत्येक गाडीच्या उपयोगाचा आहे. वजन उतरवणं थोड्याच गाड्यांच्या उपयोगाचं आहे आणि ते चुकलं तर जिवावर बेततं.

वजन उतरवल्यानं नेमकं काय मिळतं, ते आधी पाहू. फ्लायव्हील हलकं केल्यानं इंजिनची ताकद वाढत नाही. सिलिंडरमध्ये जेवढं पेट्रोल जळतं तेवढीच ताकद निघते आणि त्या जळण्याशी चाकाच्या वजनाचा काही संबंध नसतो. वाढते ती चपळाई. गाडी वेग घेत असते तेव्हा इंजिनला दोन कामं करावी लागतात. गाडी पुढे ढकलायची आणि स्वतःचे क्रँक, फ्लायव्हील, क्लच हे भाग आधीपेक्षा जास्त वेगात फिरवायचे. दुसऱ्या कामात खर्च होणारा जोर रस्त्यापर्यंत पोचत नाही. फिरता भाग हलका झाला की त्यातला काही जोर मोकळा होतो. गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या एकाच वेगानं चालली असेल तर मोकळं होण्यासारखं काही नसतंच. म्हणून हलक्या फ्लायव्हीलनं टॉप स्पीड वाढत नाही आणि महामार्गावरचं मायलेजही वाढत नाही.

किती जोर मोकळा होतो, त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, फ्लायव्हीलच्या कडेवरून, केंद्रापासून १२ सेंटीमीटरवरून, दीड किलो बीड उतरवलं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या १४ फेऱ्यांत रस्त्यावरच्या चाकाची एक फेरी होते असं धरू आणि टायरची त्रिज्या २७ सेंटीमीटर धरू. या आकड्यांनी पहिल्या गिअरमधला फायदा गाडीतून ५८ किलो वजन कमी केल्याइतका येतो, म्हणजे एक माणूस खाली उतरला. तिसऱ्या गिअरमध्ये, प्रमाण साडेपाचास एक धरलं तर, तोच फायदा ९ किलोवर येतो. पाचव्यात, साडेतीनास एक धरून, उरतात साडेतीन किलो. भाजीची एक पिशवी. या हिशेबात गिअरच्या प्रमाणाचा वर्ग येतो, म्हणून आकडा इतक्या झपाट्यानं खाली येतो.

वजन कुठून काढलं यालाही तितकंच महत्त्व आहे, कारण हिशेबात त्रिज्येचाही वर्ग येतो. तेच दीड किलो केंद्रापासून ४ सेंटीमीटरवरून काढलं असतं तर पहिल्या गिअरमधला फायदा ५८ ऐवजी साडेसहा किलोच झाला असता. कुंभाराच्या चाकाचं वजन कडेला ठेवतात ते याच कारणानं. कडेचं वजन गती धरून ठेवतं. आपल्याला गती पटकन बदलायला हवी असेल तर वजन कडेचंच कमी व्हायला हवं.

आता आपली गाडी कुठे धावते, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं. रॅली, ऑटोक्रॉस, नागमोडी घाटात पहिला-दुसरा-तिसरा असे सतत गिअर बदलत चालवणं, इथं हलकं फ्लायव्हील जाणवतं. खाली गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला नुसता पाय लावला तरी इंजिन झटकन चढतं. शहरात मात्र त्याची दुसरी बाजू रोज सोसावी लागते. आयडलिंगला इंजिन थरथरतं. एसी लावला की आरपीएम कोसळतात. क्लच सोडताना जरा चूक झाली की गाडी बंद पडते, कारण ती चूक पोटात घालणारा साठा चाकात उरलेला नसतो. खंबाटकी घाटाच्या चढावर, मागे ट्रक चिकटलेला असताना, गाडी उचलायची वेळ आली की काढलेल्या प्रत्येक पावशेराची आठवण होते. घरातली एकच गाडी असेल, ती ऑफिसला, बाजारात आणि वर्षातून दोनदा गावाला जाणार असेल, तर फ्लायव्हीलला लेथ लावू नका. माझं हे मत पक्कं आहे.

तोल म्हणजे काय

टायरच्या दुकानात चाकाचं बॅलन्सिंग सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मशीनवर चाक फिरवतात, काट्यावर आकडा येतो आणि रिमच्या कडेला १०-२० ग्रॅमचा तुकडा ठोकतात किंवा चिकटवतात. तेवढ्यानं स्टिअरिंगची थरथर जाते. ताशी १०० किलोमीटरला लहान गाडीचं चाक मिनिटाला हजारएक फेऱ्या घेतं. इंजिन ६००० आरपीएमला त्याच्या सहापट वेगात फिरतं आणि असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे तेवढ्याच त्रिज्येवरचं तेवढंच चुकीचं वजन इंजिनमध्ये छत्तीसपट जोरानं ओढतं.

फ्लायव्हीलच्या कडेला, १२ सेंटीमीटरवर, १० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त आहे असं समजा. ३००० आरपीएमला ते चाक १२ किलोच्या जोरानं बाहेर खेचतं. ६००० ला ४८ किलोच्या. हा जोर दर फेरीला दिशा बदलत मेन बेअरिंगवर आदळत राहतो, सेकंदाला शंभर वेळा. बेअरिंगचा मऊ थर, तेलाचा पातळ पडदा, क्रँकचे जर्नल, इंजिनचे रबरी माउंट, सगळ्यांना तो सोसावा लागतो. सीटवर बसलेल्या माणसाला फक्त घरघर ऐकू येते.

पिस्टनचं गणित थोडं वेगळं आहे, कारण तो फिरत नाही, वर-खाली धावतो. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५. ६००० आरपीएमला हा पिस्टन सर्वांत वरच्या टोकाला पोचून मागे फिरतो तेव्हा त्याचा एकेक ग्रॅम सुमारे दोन किलोच्या जोरानं कन्रॉडला ओढत असतो. पाव किलोचा पिस्टन म्हणजे अर्ध्या टनाची ओढ. चारही पिस्टन एकाच वजनाचे असतील तर दोन वर, दोन खाली अशा रचनेत ही ओढ बरीचशी आपसात फिटते. एक पिस्टन पाच ग्रॅमनं जड निघाला तर दहा किलोचा हिशेब अंगावर उरतो.

हे मी अनुभवानं शिकलो. माझ्या जिप्सीचं इंजिन एका गॅरेजमध्ये नव्यानं बांधून घेतलं होतं. गाडी छान चालायची, पण ३५०० आरपीएमच्या आसपास फरशीतून पायाला मुंग्या याव्यात अशी घरघर. आधी माउंट बदलले. मग प्रोपेलर शाफ्टचं बॅलन्सिंग करून घेतलं. मग चाकं. काही उपयोग झाला नाही. शेवटी इंजिन पुन्हा उघडलं आणि सराफाच्या काट्यावर एकेक भाग ठेवला तेव्हा कळलं की चारपैकी एक पिस्टन वेगळ्या सेटमधला, बाकीच्यांपेक्षा सात ग्रॅमनं जड होता. नवं क्लच कव्हरही फ्लायव्हीलबरोबर कधी मशीनवर गेलेलंच नव्हतं. दोन्ही चुका इंजिन बांधण्याआधी अर्ध्या तासात सापडल्या असत्या.

त्यामुळे घरघर ऐकून लगेच इंजिन उघडू नका, आधी ती कुठून येते ते ठरवा. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये आरपीएम हळूहळू चढवा. ठरावीक आरपीएमला थरथर आली तर कारण इंजिन, क्लच किंवा माउंटमध्ये आहे. उभ्या गाडीत काहीच जाणवत नसेल आणि ठरावीक वेगालाच, मग गिअर कोणताही असो, थरथर येत असेल तर चाकं आणि शाफ्ट बघा. एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तरी इंजिन हलतं, म्हणून प्लग आणि इंजेक्टरही आधी तपासून घ्या.

एक मर्यादा समजून घ्यावी. काही कंपनं इंजिनच्या रचनेतच असतात. चार सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनमध्ये क्रँकच्या दुप्पट वेगानं येणारं एक कंपन उरतंच, कारण पिस्टन वरच्या टोकाला जितक्या झटक्यानं फिरतो तितक्या झटक्यानं खालच्या टोकाला फिरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्यावर दुप्पट वेगानं उलटसुलट फिरणाऱ्या दोन बॅलन्स शाफ्टचा उपाय काढला आणि मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनांत तो आजही वापरतात. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनमध्ये दुखणं वेगळं. ते पुढे-मागे डुलतं. कितीही चांगलं बॅलन्सिंग केलं तरी ही रचनेतली कंपनं मशीन काढू शकत नाही. मशीन काढतं ती ओतकामातली, कातकामातली आणि जोडणीतली चूक.

काट्यापासून सुरुवात

पिस्टन आणि कन्रॉड तोलायला मोठ्या कारखान्याची गरज नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा, एक-दोन किलो क्षमतेचा सराफी काटा पुरतो. प्रत्येक पिस्टन त्याची गजन पिन, रिंग आणि सर्क्लिप यांच्यासह तोला आणि वजन पिस्टनवर मार्करनं लिहा. सर्वांत हलका पिस्टन हे माप धरा आणि बाकीचे त्याच्यापर्यंत उतरवा. धातू काढायचा तो आतल्या बाजूनं, पिनच्या उंचवट्यांच्या खालच्या भागातून. डोक्याला आणि रिंगच्या खाचांना हात लावायचा नाही. कधी कधी काहीही न कापता नुसत्या पिनांची अदलाबदल करून, जड पिस्टनला हलकी पिन देऊन, फरक ग्रॅमच्या आत येतो. ते आधी करून बघा. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणार असाल तर चारही एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि एकाच सेटमधले घ्या. “तीन चांगले आहेत, एकच बदलू” ही काटकसर पुढे महागात पडते.

कन्रॉडचं काम जास्त नाजूक आहे, कारण त्याचं एक टोक क्रँकबरोबर फिरतं आणि दुसरं पिस्टनबरोबर वर-खाली जातं. नुसतं एकूण वजन सारखं करून भागत नाही. दोन रॉड एकूण वजनानं सारखे असले तरी एकाचं बिग एंड जड आणि दुसऱ्याचं स्मॉल एंड जड असू शकतं. म्हणून रॉड आडवा धरून एक टोक आकड्याला टांगायचं, दुसरं काट्यावर टेकवायचं आणि दोन्ही टोकं वेगवेगळी तोलायची. दोन्हींची बेरीज एकूण वजनाइतकी यायला हवी. नाही आली तर मांडणीत चूक आहे, पुन्हा करा. आधी चारही बिग एंड सर्वांत हलक्या बिग एंडला जुळवा, मग स्मॉल एंड. बहुतेक रॉडना कॅपच्या तळाशी आणि स्मॉल एंडच्या माथ्यावर थोडा जादा धातू कंपनीनंच ठेवलेला असतो, तो याच कामासाठी. रॉडच्या दांड्यावर ग्राइंडर आडवा फिरवू नका. आडवा ओरखडा हीच पुढे तडा जाण्याची जागा ठरते. घासायचंच तर उभं, लांबीच्या दिशेनं, आणि शेवटी गुळगुळीत करून. कॅपची अदलाबदल कधीही नको. ज्या रॉडची कॅप त्याच रॉडला, त्याच बाजूनं. रॉडचे बोल्ट शक्यतो नवे टाका.

रस्त्यावरच्या गाडीसाठी पिस्टनमध्ये आणि रॉडच्या प्रत्येक टोकात एक ग्रॅमच्या आत फरक राहिला तर काम चांगलं झालं असं मी समजतो. शर्यतीचं इंजिन बांधणारे अर्ध्या ग्रॅमच्या मागे लागतात.

क्रँक मशीनवर

क्रँक आणि फ्लायव्हील यांना मात्र डायनॅमिक बॅलन्सिंगचं मशीनच हवं. पुण्यात, कोल्हापुरात आणि जिथं जिथं क्रँक ग्राइंडिंगची मोठी वर्कशॉप आहेत तिथं चौकशी केली तर ते सापडतं.

नुसता स्थिर तोल का पुरत नाही, ते समजून घ्या. बैलगाडीचा आस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या डाव्या टोकाला वरच्या बाजूस एक दगड बांधला आणि उजव्या टोकाला खालच्या बाजूस तेवढाच दगड बांधला, तर उभ्या स्थितीत आस कुठेही थांबेल, झुकणार नाही. काट्याच्या दृष्टीनं तोल बरोबर. पण तो जोरात फिरवला की एक टोक वर खेचलं जाईल, दुसरं खाली आणि सगळा आस डगमगत फिरेल. क्रँक लांब असतो, त्याचं दुखणं बहुधा असंच असतं. मशीन क्रँकला दोन आधारांवर ठेवून मिनिटाला काहीशे फेऱ्यांनी फिरवतं आणि दोन्ही टोकांना किती ग्रॅम, कोणत्या कोनात जास्त आहेत ते वेगवेगळं सांगतं. मग त्या जागी काउंटरवेटमध्ये ड्रिलनं भोक पाडून वजन काढतात. पोलादात १२ मिलिमीटर व्यासाचं, १० मिलिमीटर खोल भोक म्हणजे जवळपास नऊ ग्रॅम. कारागीर जाणता असेल तर दोन-तीन भोकांत काम संपतं.

क्रमाला फार महत्त्व आहे. क्रँक आधी पूर्ण धुऊन, तेलाच्या वाटा साफ करून, तडे तपासून, व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून सरळ आहे का ते बघून घ्या. ग्राइंडिंग करायचं असेल तर तेही आधी. तोल सगळ्यांत शेवटी. बॅलन्सिंग झाल्यावर क्रँक ग्राइंड केला किंवा दाबून सरळ केला तर केलेलं काम वाया गेलं.

मशीनवरही एकेक भाग चढवत जायचं. पहिल्यांदा नुसता क्रँक. तो जुळला की पुढची पुली, तिच्या चावीसह. मग फ्लायव्हील. मग क्लच कव्हर. प्रत्येक पायरीला जो भाग नव्यानं लावला त्याच भागातून वजन काढायचं. सगळं एकदम चढवून क्रँकमधून वजन काढलं तर आज आकडा शून्य येईल, पण दोन वर्षांनी क्लच बदलला की सगळा तोल बिघडेल, कारण क्लचची चूक तुम्ही क्रँकमध्ये लपवलेली असेल. एकेक करून केलं असेल तर पुढे नवं क्लच कव्हर तेवढं फ्लायव्हीलसह मशीनवर नेलं की झालं. फ्लायव्हील क्रँकवर आणि कव्हर फ्लायव्हीलवर कोणत्या स्थितीत होतं, त्याच्या खुणा पंचनं किंवा रंगानं करून घ्या आणि बांधताना त्याच जुळवा.

किती बारकाईनं करायचं, याला मापदंड आहे. बॅलन्सिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात जी ६.३, जी २.५ असे दर्जे असतात आणि आकडा जितका लहान तितकं काम काटेकोर. दहा किलोचा क्रँक ६००० आरपीएमसाठी जी ६.३ ला जुळवायचा तर एकूण सुमारे १०० ग्रॅम-मिलिमीटर चूक चालते, म्हणजे ४ सेंटीमीटर त्रिज्येवर अडीच ग्रॅम. जी २.५ ला तीच एक ग्रॅम. रस्त्यावरच्या गाडीला जी ६.३ नीट पाळलं तरी पुष्कळ झालं. वर्कशॉपला काम देताना “जरा चांगलं करा” असं सांगण्यापेक्षा हा दर्जा आणि तुमचं कमाल आरपीएम सांगा.

उतरवायचंच असेल तर

एवढं झाल्यावरही तुमची गाडी खरोखर स्पर्धेची किंवा घाटातल्या हौसेची असेल, तर फ्लायव्हीलकडे वळू.

पहिला प्रश्न धातूचा. जुन्या गाड्यांचं मूळ फ्लायव्हील बहुधा बिडाचं ओतीव असतं. बीड दाब चांगला सोसतं, ताण सोसत नाही, आणि फिरणाऱ्या चाकाची कड सतत ताणाखाली असते. १३ सेंटीमीटर त्रिज्येची कड ६००० आरपीएमला ताशी २९० किलोमीटरहून अधिक वेगानं पळत असते. चुकून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला आणि आरपीएम ७५०० वर गेले तर तो ताण दीडपटीहून जास्त होतो. अति कातलेलं बिडाचं चाक अशा वेळी फुटतं आणि त्याचे तुकडे क्लचचं घर फोडून बाहेर येतात. जिप्सीसारख्या, इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेल्या गाडीत ते घर ड्रायव्हरच्या पायांजवळच असतं. म्हणून बिडाच्या चाकातून मूळ वजनाच्या सातव्या-आठव्या हिश्शाहून जास्त उतरवू नये असं मी सांगतो, आणि ज्याला त्याहून हलकं हवं त्यानं ईएन २४ सारख्या पोलादाच्या ठोकळ्यातून नवं फ्लायव्हील करून घ्यावं. जुन्या चाकावर क्लचच्या उष्णतेनं पडलेले केसासारखे तडे दिसत असतील तर ते लेथवर चढवण्यातच अर्थ नाही, बदला.

कातायचं ते इंजिनकडच्या बाजूनं, बाहेरच्या कडेजवळ. क्लच प्लेट जिथं घासते तो चेहरा आणि त्याच्यामागची जाडी जपा, कारण घाटात क्लच घसरवताना तयार होणारी उष्णता त्याच जाडीत शिरते. रिंग गिअर ज्यावर बसते ती कड आणि मधले बोल्टचे भाग तसेच ठेवा. जिथं जाडी बदलते तिथं कोपरा टोकदार सोडू नका, गोलाई ठेवायला सांगा. चाकात भोकं पाडून वजन काढायची पद्धत मला मान्य नाही, प्रत्येक भोकाची कड ही तडा सुरू होण्याची जागा असते. लेथवर चाक धरताना क्रँकवर बसणाऱ्या मधल्या भागाशी डायल गेज लावून ते मध्याशी आहे का बघितलं पाहिजे, नाहीतर वजन कमी होईल आणि तोल बिघडेल. आणि कातून आलेलं फ्लायव्हील पुन्हा बॅलन्सिंग मशीनवर गेल्याशिवाय गाडीत जाता कामा नये.

काही गाड्यांत हे करायचंच नसतं. आजच्या अनेक डिझेल गाड्यांत स्प्रिंग असलेलं दुहेरी फ्लायव्हील असतं, ते गिअरबॉक्सला डिझेलच्या धक्क्यांपासून वाचवतं. त्याला लेथ लावू नका. काही इंजेक्शनच्या गाड्यांत क्रँकचा सेन्सर फ्लायव्हीलवरच्या खाचा वाचतो. एकही खाच बिघडली तर गाडी सुरूच होणार नाही असं होऊ शकतं.

पुढच्या पुलीबद्दलही इशारा देतो. बाजारात हलक्या ॲल्युमिनियमच्या पुली मिळतात. पण बऱ्याच इंजिनांत मूळ पुलीच्या आत रबराचा थर असतो आणि ती डॅम्परचं काम करते. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँक किंचित पिळतो आणि सुटतो, ते पिळणं ही पुली शोषून घेते. ती काढून कडक पुली लावली की पीळ क्रँकमध्येच फिरत राहतो आणि एक दिवस क्रँक तुटू शकतो. जुन्या पुलीचं रबर फुगलं किंवा सुटलं असेल तर कंपनीची नवी पुली टाका. क्रँकची काउंटरवेट कातून धारदार करण्याची टूमही रस्त्याच्या गाडीसाठी नको. मधल्या मेन बेअरिंगवरचा भार हलका ठेवण्यासाठीच ती वजनं तिथं असतात.

स्पर्धेत उतरणार असाल तर आधी त्या वर्गाचे नियम वाचा. मूळ बनावटीच्या गाड्यांच्या वर्गात कमी वजनाचं फ्लायव्हील तपासणीत सापडलं तर निकाल रद्द होऊ शकतो. इंजिनच बदलणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ कडे लक्ष द्या. आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून ठेवा.

जोडणी घाईनं करू नका. बेअरिंगची फट प्लास्टिगेजनं मोजा. फ्लायव्हीलचे, रॉडचे, मेन बेअरिंगचे बोल्ट कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यांनुसार टॉर्क रेंचनं, सांगितलेल्या क्रमानं आवळा. फ्लायव्हील बसवल्यावर त्याच्या चेहऱ्यावर डायल गेज लावून ते डगमगत नाही ना ते बघा. खाली अडकलेला धातूचा एक कणही ते तिरकं करायला पुरतो. पहिले हजार किलोमीटर इंजिन ताणू नका आणि त्यानंतर तेल बदला.

आणि बॅलन्सिंगच्या वर्कशॉपकडून एक गोष्ट नक्की मागून घ्या. मशीन प्रत्येक टप्प्याला आधी किती चूक होती आणि नंतर किती उरली, ते दोन्ही बाजूंचे आकडे दाखवतं. त्यांची छापील किंवा हातानं लिहिलेली, तारीख असलेली चिठ्ठी घ्या, तिच्यावर पिस्टन आणि रॉडची वजनं स्वतःच्या हातानं लिहा आणि ती गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. ती चिठ्ठी हातात पडल्याशिवाय क्रँक ताब्यात घेऊ नका.